न्यायासाठी ठेवलेला पैसा : शोधायचा कसा, मिळवायचा कसा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्याख्यानमालेत माझ्या आधी प्राध्यापक, वकील आणि चळवळीतले जुने कार्यकर्ते बोलून गेले. मी बँकेतला एक साधा लिपिक आहे. शिक्षण कला शाखेतले. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही आणि व्याख्यान देण्याचा सरावही नाही. तरी कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे सोपवला, त्याचे कारण मला असे दिसते की शासनाचा पैसा कोणत्या मार्गाने येतो, कुठे अडतो आणि कशामुळे परत जातो हे आम्हा बँकवाल्यांना रोज पाहावे लागते. तेवढ्याच अनुभवाच्या आधाराने मी बोलणार आहे.

विषय आहे सुरक्षितता आणि न्याय यांसाठी शासनाने ठेवलेल्या पैशाचा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरकुल यांच्या योजना आपल्या लोकांना बऱ्यापैकी ठाऊक झाल्या आहेत. पण अत्याचार झाल्यावर पीडित कुटुंबाला मिळायचे अर्थसाहाय्य, साक्षीदाराला मिळायचे एस.टी.चे भाडे, तुरुंगात जामिनाअभावी पडून राहिलेल्या गरिबासाठीची रक्कम, वस्तीत दिवे लावण्याचा निधी यांचीही तरतूद अंदाजपत्रकात असते हे फार थोड्यांना माहीत असते. जे माहीत नाही ते कोणी मागत नाही, आणि जे कोणी मागत नाही ते ३१ मार्चला परत जाते.

कायद्यामागे पैसा लागतो

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्या अनुच्छेदाला बळ देण्यासाठी १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ साली त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवण्यात आले. तोही अपुरा पडतो हे दिसल्यावर १९८९ साली अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा आला. आपण सगळे ज्याला ॲट्रॉसिटीचा कायदा म्हणतो तो हाच. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याचे नियम मात्र १९९५ साली आले. म्हणजे मधली पाच वर्षे पीडिताला किती रक्कम द्यायची, कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची याचा देशभर एकसारखा नियम नव्हता. पुढे २०१५ साली कायद्यात मोठी सुधारणा होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली आणि १४ एप्रिल २०१६ रोजी सुधारित नियम प्रसिद्ध झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की शिक्षेचे कलम लिहिल्याने न्यायाचे निम्मेच काम होते. उरलेले निम्मे काम पैशाचे असते. खटला चालवायचा तर तपास अधिकारी, विशेष न्यायालय आणि सरकारी वकील लागतात, आणि साक्षीदाराने मजुरी बुडवून न्यायालयात यावे लागते. घर जाळलेल्या कुटुंबाला दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागते. ज्याच्याकडे पुढच्या आठवड्याचे धान्य नाही, त्याच्यावर तडजोडीसाठी दडपण आणणे गावातल्या बलवानांना सोपे जाते. मुंबई इलाख्यात १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. दलितांनी हक्क मागितला की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकते, त्यांची रोजची मजुरी आणि व्यवहार बंद करते, हे त्या समितीने त्या काळीच नोंदवले. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण पोट आवळून माणसाला गप्प बसवण्याची जुनी रीत गेलेली नाही. म्हणून पीडिताच्या हाती वेळेवर पडलेली रक्कम त्याला साक्षीच्या दिवसापर्यंत उभे ठेवते.

पीडिताचा हक्क किती आणि केव्हा

२०१६ च्या सुधारित नियमांत अत्याचाराच्या प्रकारानुसार ८५ हजार रुपयांपासून ८ लाख २५ हजार रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य ठरवले गेले. ही रक्कम एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळते. जातिवाचक अपमान किंवा धमकीच्या गुन्ह्यात रक्कम १ लाख असून प्राथमिक माहिती अहवाल नोंदल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर ५० टक्के आणि खालच्या न्यायालयात आरोपीला शिक्षा झाल्यावर उरलेले २५ टक्के असे तिचे वाटप होते. खुनाच्या प्रकरणात ८ लाख २५ हजारांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र दाखल झाल्यावर द्यायची असते.

याशिवाय मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५ हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातील एकाला नोकरी, शेतजमीन किंवा घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, तसेच तीन महिन्यांसाठी भांडी, तांदूळ, गहू, डाळी अशा वस्तू यांचीही तरतूद नियमांत आहे. तातडीची मदत सात दिवसांच्या आत पोहोचवण्याची जबाबदारी जिल्हा आणि उपविभागाच्या दंडाधिकाऱ्यांवर आहे.

यात लक्षात ठेवायचे असे की ही मदत कोणाच्या मेहेरबानीची नाही. केंद्र शासनाच्या योजनेत राज्यांच्या ठरलेल्या दायित्वावरील खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलते आणि निम्मा राज्य. हा पैसा जिल्ह्यात समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयामार्फत वाटला जातो. तेव्हा आपला पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आणि त्याची प्रत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना, असा असावा. प्रत्येक प्रतीवर पोहोच घ्यावी. पोहोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

साक्षीदाराच्या भाड्याची गोष्ट

नियम ११ हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. पीडित, त्याचे अवलंबित आणि साक्षीदार यांना तपासासाठी किंवा सुनावणीसाठी ये-जा करण्याचे रेल्वेचे किंवा बसचे भाडे आणि जेवणाचा खर्च मिळतो. शिवाय शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसेल इतका निर्वाहखर्चही मिळतो. स्त्री, ६० वर्षांवरील व्यक्ती आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती यांना आपल्या पसंतीचा सोबती नेता येतो आणि त्याचाही खर्च मिळतो. हे पैसे लगेच, नाही तर जास्तीत जास्त तीन दिवसांत द्यावेत असे नियम सांगतो.

आता आपण हिशेब करू. एक शेतमजूर बाई साक्षीदार आहे. जिल्ह्याचे न्यायालय तिच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तारीख पाच वेळा पुढे गेली, तर पाच दिवसांची मजुरी गेली, पाच वेळचे जाण्यायेण्याचे भाडे गेले आणि सोबत आलेल्या मुलाचेही गेले. सहाव्या तारखेला ती आली नाही, तर आपण म्हणतो, साक्षीदार फुटला. पण तो फुटण्याआधी थकलेला असतो. त्याचा थकवा घालवायला लागणारी रक्कम शासनाने ठेवलेली आहे. ती मागण्यासाठी तारखेला हजर राहिल्याचा दाखला आणि प्रवासाचे तिकीट जपून ठेवावे लागते. तिकीट जपून ठेवायला आपण आपल्या माणसांना शिकवले, तर निकालाच्या दिवसापर्यंत टिकणारे साक्षीदार वाढतील.

कागद पहिल्या दिवशी नीट हवा

खैरलांजी आपण कोणी विसरलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात ते हत्याकांड घडले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल कठोर शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. पुढे २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही तोच निष्कर्ष राहिला. साऱ्या देशात गाजलेल्या खटल्याचे हे झाले. मग ज्याची वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमीही येत नाही, त्या प्रकरणात पुरावा आणि कागद यांना किती जपावे लागेल याचा विचार करा.

इथे आपल्या बौद्ध समाजापुरता एक खास मुद्दा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तब्बल ३४ वर्षे. आणि तो दर्जा मूळ जात अनुसूचित असलेल्या बौद्धांनाच लागू होतो. म्हणून फिर्याद देताना केवळ ‘बौद्ध’ एवढेच सांगून थांबू नये. जातीच्या दाखल्यावर जशी नोंद आहे तशीच माहिती फिर्यादीत यावी आणि दाखल्याची प्रत लगेच सादर व्हावी. कित्येक तरुणांना हे कडू वाटते, तेही मला कळते. जात सोडून आपण बुद्धाच्या मार्गाला लागलो, मग पुन्हा ते नाव का लिहायचे? पण मारणारा आपला धम्म विचारून मारत नाही, जात पाहून मारतो. गुन्हा जातीच्या कारणाने झाला हे सिद्ध करण्यापुरता तो दाखला आहे. त्याने आपला धम्म कमी होत नाही. तेव्हा ज्याच्या घरी दाखला नाही त्याने तो संकट येण्याआधीच काढून ठेवावा.

प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून निघू नये. तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात जावे अशी अपेक्षा असते. अर्थसाहाय्याचा दुसरा हप्ता त्यावर अवलंबून असल्याने ही तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. कायद्याच्या कलम १५-अ नुसार जामिनाच्या अर्जासह प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी आणि त्याचे म्हणणे ऐकले जायला हवे. याच कलमाने पीडिताला स्वयंसेवी संस्था, समाजसेवक किंवा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे आपली संस्था पीडिताच्या सोबत गेली तर ती लुडबूड ठरत नाही. तो पीडिताचा कायदेशीर हक्क आहे.

पैसा कुठे अडतो

आता माझ्या खिडकीपाशी काय दिसते ते सांगतो. मंजुरीचा आदेश हाती असलेला माणूस पासबुक पुढे करतो आणि विचारतो, “साहेब, पैसे आले का?” आलेले नसतात. कारणे पुष्कळ वेळा साधी असतात.

एक, खाते निष्क्रिय झालेले असते. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही की बचत खाते निष्क्रिय होते. दोन, अर्जावरचे नाव, आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव यांत फरक असतो. एका ठिकाणी माहेरचे नाव असते, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. तीन, खाते मयत नवऱ्याच्या नावे असते आणि आदेश विधवेच्या नावे निघतो. चार, २०१९ आणि २०२० साली काही सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले आणि पुष्कळ शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. अर्जाला जोडलेल्या जुन्या पासबुकावर मात्र जुनाच क्रमांक असतो. पैसा निघतो आणि वाटेतून परत जातो. कार्यालयात विचारले तर म्हणतात, आम्ही पाठवले. बँकेत विचारले तर म्हणतात, आले नाहीत. दोन्ही उत्तरे खरी असतात आणि मधला माणूस हेलपाटे घालत राहतो.

यावर उपाय अवघड नाही. अर्ज करण्याआधी पीडिताच्या स्वतःच्या नावे एक खाते चालू करून घ्यावे. खात्यात एक-दोन व्यवहार करावेत. नवे पासबुक छापून घेऊन त्याच्याच पहिल्या पानाची प्रत जोडावी. हे काम बारावीत शिकणारा आपला कोणताही विद्यार्थी करू शकतो.

पाचवे कारण मात्र बँकेत सुटत नाही. ते म्हणजे निधीच उपलब्ध नसणे. यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिने तीन महिन्यांतून एकदा तरी भेटलेच पाहिजे. राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्या वर्षातून किमान दोन बैठका, जानेवारीत आणि जुलैत, व्हायला हव्यात. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती बैठका झाल्या, किती प्रकरणे मंजूर झाली, किती प्रलंबित आहेत आणि कशामुळे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २००५ च्या त्या कायद्याखालील अर्जाला १० रुपये शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. राष्ट्रीय दलित मानवाधिकार अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. हा कायदा राबवण्यात शासनयंत्रणा कमी पडल्याचे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले. तेव्हा विचारणा करणारे आपण आगाऊ ठरत नाही. आपल्या आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच ती केलेली आहे.

इतर दारे कोणती

ॲट्रॉसिटी कायद्याबाहेरही काही ठिकाणी पैसा किंवा साहाय्य ठेवलेले आहे. ती दारे मी थोडक्यात सांगतो.

पहिले दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि विनामूल्य कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य झाले. त्यासाठी १९८७ चा कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. फीही लागत नाही. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. हेच प्राधिकरण कायदेविषयक शिबिरे घेते. आपण सभागृह आणि श्रोते दिले, तर वकील ते पाठवतात. इथे आपल्या संस्थेला अनुदानाचा अर्जसुद्धा करावा लागत नाही, फक्त एक पत्र लिहावे लागते.

दुसरे दार लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेचे. महाराष्ट्र शासनाने ती २०१३ साली सुरू केली आणि तिची कमाल रक्कम पुढे १० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. इतर गुन्ह्यांतील पीडितांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली नुकसानभरपाईची योजना असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३५७-अ होते. स्त्रियांसाठी केंद्राने २०१३ साली १ हजार कोटींचा निर्भया निधी उभारला आणि २०१५ पासून सखी केंद्रे चालू झाली. तिथे वैद्यकीय, कायदेविषयक आणि पोलिसी मदत एका छताखाली मिळावी असा उद्देश आहे. महिलांसाठीचा मदतक्रमांक १८१ आहे. जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी डिसेंबर २०२१ पासून १४५६६ हा राष्ट्रीय क्रमांक चालू झाला.

तिसरे दार तुरुंगातील गरिबांचे. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेली माणसे असतात. त्यांच्यासाठी केंद्राने २०२३ साली योजना आखली. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंतची मर्यादा होती. काही गंभीर गुन्हे तिच्यातून वगळलेले आहेत. आपल्या वस्तीतला असा कोणी आत असेल, तर त्याच्या घरच्यांनी तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरण यांना लेखी कळवावे.

चौथे दार वस्तीच्या सुरक्षिततेचे. अंधाऱ्या रस्त्यावरून शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला कलमे ठाऊक असून उपयोग नाही, तिला दिवा हवा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून रस्ते, गटारे, पाणी आणि पथदिवे यांची कामे घेता येतात. प्रस्ताव ग्रामपंचायतीने पाठवायचा असतो आणि तो पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. म्हणून ग्रामसभेत हा विषय लेखी मांडून ठरावाची प्रत घेणे हे आपले काम आहे.

पाचवे दार केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागाचे. त्यांच्या ‘दिशा’ या योजनेसाठी २०२१ ते २०२६ या काळात २५० कोटी रुपयांची तरतूद होती. कायदेविषयक साक्षरता आणि सेवा केंद्रावरून वकिलाशी बोलण्याची ‘टेली-लॉ’ सोय ही तिची अंगे. ग्रामन्यायालयांसाठीही २००८ च्या कायद्यानंतर प्रत्येक न्यायालयामागे उभारणीसाठी १८ लाख आणि पहिली तीन वर्षे चालवण्यासाठी वार्षिक ३ लाख २० हजार रुपयांपर्यंत केंद्राचे साहाय्य ठरले. हे पैसे संस्थांना मिळत नाहीत. पण आपल्या तालुक्याला ग्रामन्यायालय हवे अशी मागणी करताना, पैसा नाही हे उत्तर आपण मुकाट्याने ऐकून घेण्याचे कारण नाही.

संस्थेला अनुदान हवे असेल तर

आपल्या संस्थेने स्वतः जाणीवजागृतीचे काम अनुदानावर करायचे ठरवले, तर प्रथम घर नीट हवे. माझ्या पाहण्यातला अनुभव असा की संस्था कामात कमी पडतात त्यापेक्षा कागदात अधिक कमी पडतात.

कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झाला पाहिजे. जुनी नावे कायम आणि सह्या नव्यांच्या, असे असले की बँकही अडते आणि शासनही. हिशेब दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावेत. अनुदान देणारे साधारणपणे मागील तीन वर्षांचे हिशेब मागतात. संस्थेचे पॅन, निती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरची नोंदणी व तिचा क्रमांक, आणि केंद्राचा निधी ज्या पीएफएमएस प्रणालीतून येतो तिच्यातील नोंद ही तयारी आधी हवी. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्याची मुदत टळते.

अनुदान मिळाले तर त्याच्यासाठी स्वतंत्र खाते दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे. त्या पैशावरचे व्याजही शासनाचे असते, आपले नसते. ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो लागला पाहिजे. शिबिराचा पैसा जयंतीच्या मंडपाला वापरला, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो गैरव्यवहारच होतो. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे. ते दिले नाही तर पुढचा हप्ता थांबतो आणि संस्थेच्या नावावर बट्टा लागतो. आपल्या समाजाच्या संस्थेचा हिशेब इतरांपेक्षा अधिक चोख असला पाहिजे, कारण आपली एक चूक दाखवून दहा संस्थांचे अर्ज बाजूला सारणारे पुष्कळ आहेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट, अर्थसाहाय्याचा पैसा मिळाला की मध्यस्थ गोळा होतात. “मी मंजूर करून आणले, माझा वाटा द्या” असे म्हणणारा आपल्यातलाही असू शकतो. पीडिताच्या पैशातून संस्थेने देणगीसुद्धा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे घर जळाले त्याच्याकडून पावती फाडणे हे कोणत्याच शीलात बसत नाही.

दुसरी गोष्ट, पैसा आणि तडजोड यांची गल्लत होऊ देऊ नये. २००७ साली राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तंटे मिटवणाऱ्या गावाला लोकसंख्येनुसार काही लाखांचे रोख बक्षीस मिळे. बांधाचे, भाऊबंदकीचे तंटे गावात मिटले तर चांगलेच. पण गावाला बक्षीस मिळावे म्हणून अत्याचाराची तक्रार दाबली जाण्याचा धोका त्यात होता आणि चळवळीतील कार्यकर्त्यांनी तो वेळोवेळी बोलून दाखवला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. शासनाचे अर्थसाहाय्य हे आरोपीने मोजलेले मोल नव्हे. ते घेतले म्हणून फिर्याद मागे घ्यावी लागत नाही आणि फिर्याद चालू आहे म्हणून ते घेण्यात कमीपणाही नाही. हे प्रत्येक पीडित कुटुंबाला समजावून सांगितले पाहिजे, कारण गावात नेमके उलटे सांगितले जाते.

आपण काय करू शकतो

मित्रहो, माझी सूचना लहान आहे. संस्थेने पाच जणांची एक न्यायसाहाय्य उपसमिती नेमावी. त्यात एक वकील, एक निवृत्त शासकीय कर्मचारी, एक बँक किंवा पोस्टातला माणूस आणि दोन विद्यार्थी असावेत. दोघी तरी स्त्रिया असाव्यात, कारण पीडित भगिनी पुरुषांसमोर सगळे सांगू शकत नाही.

या उपसमितीने एक नोंदवही ठेवावी. तालुक्यातील प्रत्येक प्रकरणाला एक पान. त्यावर गुन्हा नोंदल्याची तारीख, दोषारोपपत्राची तारीख, पहिला हप्ता केव्हा मिळाला, दुसरा केव्हा, साक्षीदाराचे भाडे मिळाले की नाही आणि पुढची तारीख कोणती एवढेच लिहावे. पीडिताचे नाव-गाव बाहेर जाणार नाही याची काळजी घ्यावी. दर तीन महिन्यांनी, दक्षता समितीच्या बैठकीआधी, या वहीवरून एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. निवेदनात घोषणा नकोत, आकडे असावेत. अधिकारी घोषणा ऐकून घेतात आणि विसरतात. पोहोच घेतलेल्या आकड्यांना मात्र त्यांना उत्तर द्यावे लागते. जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे हे त्यांनाही ठाऊक असते.

विद्यार्थ्यांना माझे विशेष सांगणे आहे. तुमच्यापैकी बरेच जण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करता. अनुच्छेद १७, ३९-अ, अत्याचार प्रतिबंध कायदा हे सारे तुम्हाला पाठ असते. ते उत्तरपत्रिकेपुरते ठेवू नका. महिन्यातला एक रविवार द्या. एखाद्या निरक्षर आजीचा अर्ज लिहून द्या, तिचे पासबुक तपासा, ती तारखेला जाणार असेल तर सोबत जा आणि तिकीट जपून ठेवा. उद्या तुमच्यातला कोणी समाजकल्याण अधिकारी झाला, कोणी तपास अधिकारी झाला, तर टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला काय सोसावे लागते हे त्याला पुस्तकात शोधावे लागणार नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा संदेश आपण प्रत्येक सभेत ऐकतो. मोर्चा हा संघर्ष आहेच. पण सात दिवसांत मिळायची मदत आठव्या दिवशी का आली नाही हे लेखी विचारणे आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहणे हासुद्धा संघर्षच आहे. तो करायला फार मोठा माणूस लागत नाही. एक वही, एक पेन आणि चिकाटी पुरते.

उपसमितीचा विषय पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत घ्यावा अशी अध्यक्षांना विनंती करून माझे भाषण संपवतो.

जय भीम. जय भारत.